वाहननिर्मितीतील गुणवत्ता परीक्षण

वाहननिर्मितीतील गुणवत्ता परीक्षण : सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यासाठी तयार केलेले यांत्रिक वाहन सुरक्षितता व वायुप्रदूषण यांविषयीच्या कायद्याच्या अटी पुऱ्या करते की नाही, तसेच कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक वाहन मान्यता मिळालेल्या मूळ नमुन्यासारखेच आहे की नाही, हे पाहण्याच्या पद्धतींचा या विषयात समावेश होतो. पहिल्या भागास नियमपालन व दुसऱ्यास उत्पादनाची गुणवत्ता तपासणी असे म्हणता येईल. कागदावर हे दोन भाग वेगळे असले, तरी व्यवहारात ते एकमेकांत गुंतलेले असतात. सरकारी प्रयोगशाळा एखाद-दुसरे वाहन तपासते; रस्त्यावर मात्र त्या जातीची लाखो वाहने धावतात. प्रयोगशाळेच्या दाखल्याची किंमत ही दहा हजारावे वाहन पहिल्या वाहनासारखे बनविण्याच्या कारखानदाराच्या कुवतीइतकीच असते.

मोटारगाडीत हजारो सुटे भाग असतात व त्यांतील बहुतेक भाग गाडीवर नाव असलेल्या कंपनीत तयार होत नाहीत. त्यामुळे गुणवत्तेची साखळी मोठ्या कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होत नाही. ती लहानसहान ओतशाळा, लोहारकामाचे कारखाने व यंत्रशाळा यांच्यापर्यंत मागे पोहोचते. महाराष्ट्रात या साखळीची दोन्ही टोके कोल्हापूर जिल्ह्यात जवळजवळ पाहावयास मिळतात. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत वाहनांसाठी लागणारे बिडाचे ओतीव भाग तयार होतात, तर त्याच जिल्ह्यातील बिद्री (ता. कागल) येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याकडे गळिताच्या हंगामात ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रूपाने तपासणीची ही साखळी कोठे विरळ होते तेही दिसते.

कायद्याचा विकास : भारतात मोटार वाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा होय. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. वाहनांची बांधणी, साधनसामग्री व निगा यांविषयीचे नियम करण्याचा अधिकार या कायद्याने प्रांतांना, म्हणजे पुढे राज्यांना दिलेला होता. महाराष्ट्रात त्यानुसार मुंबई मोटार वाहन नियम, १९५९ लागू होते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्याने देशभर वाहने विकणाऱ्या उत्पादकाची अडचण होई आणि नियमांची तांत्रिक पातळीही असमान राही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने (अंमल १ जुलै १९८९ पासून) बांधणीविषयीचे मुख्य अधिकार केंद्राकडे घेतले व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अस्तित्वात आले. आजची सर्व तपासणी व्यवस्था मुख्यतः या नियमांवर उभी आहे.

परीक्षणाची यंत्रणा मात्र याआधीच तयार होऊ लागली होती. वाहन उद्योग व केंद्र सरकार यांच्या सहकार्याने पुण्यात १९६६ मध्ये ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईत प्रीमियर व महिंद्र, पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को, बजाज ऑटो व बजाज टेंपो असे कारखाने महाराष्ट्रात एकवटत असताना संशोधन संस्थाही येथेच निघाली, हे स्वाभाविकच होते. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. ट्रॅक्टर व शेती यंत्रे यांचे परीक्षण मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. पुढे मानेसर, चेन्नईजवळील ओरगडम व पीथमपूर येथेही परीक्षण केंद्रे निघाली.

नमुना-मान्यता : केंद्रीय नियमांतील नियम १२६ नुसार उत्पादकाने नव्या वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, सुकाणू, दिवे, काचा, आरसे, टायर, आसनपट्ट्यांचे आधार, इंधनटाकी, भोंग्याचा आवाज अशा अनेक बाबींची स्वतंत्र परीक्षा होते. प्रत्येकीसाठी भारतीय मानक किंवा वाहन-उद्योग मानक ठरलेले असते. मोटारगाडीच्या समोरील धडकेच्या परीक्षेत गाडी ताशी ५६ किमी. वेगाने अशा अडथळ्यावर आदळविली जाते, की तिच्या रुंदीचा ४० टक्के भागच त्यावर आपटतो; प्रत्यक्ष अपघातांत समोरासमोरच्या गाड्या बहुधा अशाच अर्धवट भिडतात. ही व बाजूच्या धडकेची परीक्षा नव्या प्रकारांना ऑक्टोबर २०१७ पासून व सर्व मोटारगाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या तारांकन योजनेतील समोरील धडक ताशी ६४ किमी. वेगाची असते, ही योजना ऐच्छिक आहे.

निष्कास वायूंच्या परीक्षेत गाडी रुळांवर उभी करून ठराविक क्रमाने तिचा वेग वाढविला व कमी केला जातो. बाहेर पडणारा वायू हवेत मिसळून पिशव्यांत साठवितात व त्यातील कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने, नायट्रोजनाची ऑक्साइडे आणि कणरूप द्रव्य मोजतात. पेट्रोल गाड्यांसाठी अशी मर्यादा प्रथम १९९१ मध्ये व डीझेल गाड्यांसाठी १९९२ मध्ये घालण्यात आली. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक बसविणे आवश्यक झाले. शिसेयुक्त पेट्रोल परिवर्तक निकामी करीत असल्याने शिसेविरहित पेट्रोलचा पुरवठा त्याबरोबर करावा लागला. गाडीचा नियम इंधनाच्या नियमापासून तोडता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. ‘भारत स्टेज’ मालिकेतील चौथा टप्पा एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला. पाचवा टप्पा वगळून सहावा टप्पा एप्रिल २०२० पासून अंमलात आला. डीझेल मोटारगाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा यामुळे प्रतिकिमी. २५० मिग्रॅ. वरून ८० मिग्रॅ. वर व कणरूप द्रव्याची २५ मिग्रॅ. वरून ४·५ मिग्रॅ. वर आली.

उत्पादनाची अनुरूपता : मान्यता मिळाल्यावर उत्पादक हात आखडता घेईल, ही शंका कायद्याने गृहीत धरली आहे. नियम १२६-अ अन्वये परीक्षण संस्था उत्पादन रांगेतून वाहने निवडून त्यांची फेरतपासणी करतात. ही निवड यदृच्छ असावी लागते. नाहीतर तपासणीला अर्थ उरत नाही. भारतात याचा धडा २०१३ मध्ये मिळाला. जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने त्या वर्षी जुलैत, २००५ पासून बनविलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टॅवेरा गाड्या परत बोलाविल्या. तपासणीसाठी जावयाच्या गाड्यांत कमी उत्सर्जनाची निवडक एंजिने बसविली जात होती, असे चौकशीत उघड झाले. कंपनीने नियमभंग मान्य केला व काही कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. एंजिने खोटी नव्हती. ती त्याच कारखान्यातील होती. परंतु शेकडो एंजिनांतून चांगली तेवढी वेचून काढली, की नमुना सर्वांचा प्रतिनिधी राहत नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या प्रकारची फसवणूक जगासमोर आली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीच्या डीझेल गाड्यांतील संगणक प्रणाली प्रयोगशाळेतील परीक्षा ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करते, असे जाहीर केले. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा यात संबंध होता. भारतात पुण्याच्या संस्थेने घेतलेल्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. यात नमुना बदललेला नव्हता, गाडीच परीक्षा ओळखीत होती. यावर उपाय म्हणजे गाडीवर मोजणीची उपकरणे चढवून तिला प्रत्यक्ष रस्त्यावर चालविणे हा होय. भारतात अशा मोजणीच्या मर्यादा एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या.

ओतशाळेतील तपासणी : कोल्हापूर परिसरातील यंत्रउद्योगाचा पाया शेतीच्या गरजांनी घातला. उसाच्या पाण्यासाठी लागणारी तेल एंजिने व पंप यांच्या ओतकामातून येथील कारागिरांनी कौशल्य मिळविले आणि पुढे मोटार उद्योगाची मागणी वाढली, तेव्हा तेच कौशल्य ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, सिलिंडरची शीर्षे, गिअरपेट्या अशा भागांकडे वळले. कारागिराच्या नजरेवर चालणारे काम लेखी प्रमाणांवर आणणे, हे या स्थित्यंतरातील सर्वांत अवघड काम होते व काही ठिकाणी ते अजून पुरे झालेले नाही.

ओतीव भागाचे दोष डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ब्रेक ड्रमच्या आत राहिलेला वायूचा बुडबुडा किंवा आकुंचनाने पडलेली पोकळी कातकामातही उघडी पडली नाही, तर ती घाटाच्या उतारावर ड्रम तापल्यावरच प्रकट होते. म्हणून तपासणी धातू ओतण्यापूर्वीच सुरू करावी लागते. साच्याच्या वाळूतील पाण्याचे प्रमाण, तिचे दाबबल आणि तिच्यातून वायू निसटून जाण्याची क्षमता ही पाळीत अनेकदा मोजतात. वाळू ओली राहिली, तर वाफेने ओतकामात छिद्रे पडतात. फार कोरडी असली, तर साच्याच्या कडा ढासळून वाळू धातूत मिसळते. पावसाळ्यात वाळूच्या नोंदवहीतील आकडे बदलतात ते बहुधा यामुळेच. भट्टीतील रस छोट्या पेल्यात ओतून त्याच्या थंड होण्याचा आलेख काढला, की काही मिनिटांत कार्बन व सिलिकॉन यांचा अंदाज येतो. वर्णपटमापकाने इतर मूलद्रव्ये कळतात. पूर्वी पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून तो मोडीत व त्यातील पांढऱ्या भागाच्या रुंदीवरून बिडाची जात ओळखीत. ही साधी परीक्षा आजही टाकाऊ ठरलेली नाही.

करड्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते. ते कंपने शोषून घेते, परंतु ताणाला कमजोर असते. भारतीय मानकानुसार ‘एफजी २६०’ या जातीच्या बिडाचे ताणबल दर चौ. मिमी. ला किमान २६० न्यूटन असावे लागते. सुकाणूचे वा निलंबनाचे भाग तुटून चालत नाहीत, म्हणून ते तन्य बिडाचे करतात. त्यात मॅग्नेशियमाच्या प्रक्रियेने ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात आणलेले असते व ‘५००/७’ या जातीचा भाग तुटण्यापूर्वी ७ टक्के लांबू शकतो. मात्र मॅग्नेशियमाचा परिणाम थोड्याच मिनिटांत ओसरतो. प्रक्रिया केलेला रस त्या अवधीत साच्यांत गेला नाही, तर शेवटच्या काही साच्यांतील भाग दिसावयास अगदी तसाच, पण गुणाने करडा निघतो. यारीचा खोळंबा किंवा जेवणाची सुटी एवढेही कारण त्याला पुरते. त्यामुळे एका कढईतील शेवटच्या भागाचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत आहे. पहिल्या भागाचा नमुना घेणे सोपे, पण निरुपयोगी होय. श्राव्यातीत तरंगांनीही भेद कळतो. चांगल्या तन्य बिडात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५,५०० मी. असतो, करड्या बिडात तो बराच कमी भरतो. हातोडीने ठोकल्यावर तन्य बिडाचा भाग घंटेसारखा वाजतो, हे ओतशाळेतील प्रत्येक जुन्या कामगाराला ठाऊक असते.

भागावर ओतकामाची तारीख व कढईचा क्रमांक उठविलेला असतो. पुढे एखादा भाग सदोष निघाला, तर त्याच कढईतील भाग कोणकोणत्या गाड्यांत गेले हे या क्रमांकावरून शोधता येते. हा क्रमांक नसेल, तर संशय पन्नास भागांवर न राहता पन्नास हजारांवर जातो.

सांख्यिकीय नियंत्रण : शेकडा ९९ भाग निर्दोष असणे ही चांगली गुणवत्ता वाटते. पण १०० भागांची जुळणी करावयाची असेल व प्रत्येक भाग शेकडा ९९ या प्रमाणात निर्दोष असेल, तर १०० पैकी सुमारे ३७ वाहनेच सर्वांगी निर्दोष निघतील. शेवटी एकेक भाग तपासून वाईट ते बाजूला काढणे महाग तर पडतेच, शिवाय कंटाळलेल्या तपासनिसाच्या नजरेतून दोष निसटतातही. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख हा यावरील मूलभूत उपाय आहे. ठराविक वेळाने चार-पाच भाग मोजून त्यांची सरासरी आलेखावर मांडतात. बिंदू मर्यादारेषांच्या आत विखुरलेले असतील, तर यंत्राला हात लावावयाचा नाही; ते एकाच दिशेने सरकू लागले, तर भाग अजून बरोबर असतानाच हत्यार बदलावयाचे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते व त्यानंतर येथे या पद्धतीच्या प्रसाराला चालना मिळाली. आज वाहन उद्योगातील पुरवठादारांकडून ‘आयएटीएफ १६९४९’ (२०१६) या प्रमाणानुसार व्यवस्था ठेवण्याची अपेक्षा असते. नव्या भागाला मान्यता देताना प्रत्यक्ष उत्पादनाच्या यंत्रावर, नेहमीच्या वेगाने, सामान्यतः किमान ३०० भाग सलग काढून दाखवावे लागतात. कुशल कारागिराने निगुतीने केलेला एक सुबक नमुना येथे उपयोगी पडत नाही.

जुळणी व अंतिम तपासणी : जुळणीच्या रांगेत महत्त्वाच्या बोल्टांचा आवळ ठरलेल्या पीळबलाचा असतो व तो यंत्रात नोंदला जातो. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढून घेऊन मग त्यांत तेल भरतात. तयार गाडी रुळांवर चढवून प्रत्येक चाकाचे ब्रेकबल, चाकांची दिशा व मुख्य दिव्यांचा झोत तपासतात आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली गळती पाहतात. सांगाड्यावर १७ अक्षरांकांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. शेवटी उत्पादक नमुना २२ मध्ये वाहन नियमानुसार असल्याचा दाखला देतो व त्याच्या आधारे नोंदणी होते.

विक्रीनंतर दोष आढळल्यास वाहने परत बोलाविण्याची पद्धत भारतात २०१२ पासून उद्योगाने स्वेच्छेने स्वीकारली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घालून सरकारला तसा आदेश देण्याचा अधिकार मिळाला व एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले.

ट्रॉलीचा प्रश्न : एवढी सगळी व्यवस्था कारखान्यात बनणाऱ्या वाहनासाठी आहे. बिद्रीच्या रस्त्यावर हिवाळ्यातील एखाद्या रात्री दिसणारे उसाचे वाहन तिच्या चौकटीत अर्धेच बसते. पुढचा ट्रॅक्टर रीतसर परीक्षण होऊन आलेला असतो. मागची ट्रॉली मात्र पुष्कळदा जवळपासच्या जोडकामाच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या मापाने, बाजारात मिळतील त्या पोलादी पट्ट्या व आस वापरून बनविलेली असते. नियम १२६ च्या १९९३ मधील शब्दरचनेत ट्रेलर व अर्ध-ट्रेलर नमुना-परीक्षणातून स्पष्टपणे वगळलेले होते. सूट देण्यामागे लहान कारागिरांचा विचार असावा; तथापि तिचा परिणाम असा झाला, की वाहनजोडीतील सर्वांत जड भागाचीच परीक्षा सर्वांत कमी झाली. पुढे ट्रेलरांसाठी वेगळी वाहन-उद्योग मानके तयार करण्यात आली. पण एकेक ट्रॉली वेगळी असेल, तेथे नमुना या कल्पनेलाच फारसा आधार राहत नाही. यदृच्छ निवड करावयाची तरी कशातून, हा प्रश्न उरतो.

ट्रॅक्टर सुमारे दोन-अडीच टनांचा असतो व त्याच्या मागे बहुधा दोन ट्रॉल्यांत अनेकपट वजनाचा ऊस असतो. साधारण ट्रॅक्टरला ब्रेक मागील दोन चाकांनाच असतात. शेतात वळणे सोपे जावे म्हणून डाव्या व उजव्या चाकांची पायटी वेगळी असते. रस्त्यावर ती खिटीने जोडून घ्यावी लागतात. ती जोडली नाहीत व एकच पायटी दाबली गेली, तर ट्रॅक्टर एका बाजूस खेचला जातो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सर्व वजन थांबविण्याचे काम या दोन चाकांवर येते. वेग दुप्पट झाला, की शोषून घ्यावयाची ऊर्जा चौपट होते. उतारावर मागचे ओझे ट्रॅक्टरला पुढे ढकलते व दांडी तिरपी असेल, तर ट्रॅक्टर आडवा फिरतो. चांगला चालक उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो तो यासाठी. ही सावधगिरी चालकाची असते. रचनेत तिची तरतूद नसते.

रात्रीचे अपघात बहुधा दुसऱ्याच कारणाने होतात. ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारे वाढे मागचे दिवे झाकून टाकतात; कित्येकदा दिव्याची तारच ट्रॅक्टरपासून सुटलेली असते. बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला दगड लावून उभी असते व मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती अगदी जवळ आल्यावर दिसते. परावर्तक पट्टीला वीज लागत नाही, ती मोडत नाही आणि तिचा खर्च एका खेपेच्या भाड्यापुढे क्षुल्लक असतो. म्हणून हंगामाच्या आरंभी परिवहन अधिकारी व साखर कारखाने यांनी मिळून ऊस वाहनांना अशा पट्ट्या चिकटविण्याचा उपक्रम राज्याच्या ऊसपट्ट्यात अनेक ठिकाणी होतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉलीला प्रत्येक खेपेस थांबावेच लागते. वाहननिर्मात्याच्या रांगेतील अंतिम तपासणीला गावपातळीवर तुल्यबळ अशी हीच एक जागा आहे. पट्टी, दिवा, खिटी व जोडदांडीचा खिळा एवढ्या चार गोष्टी पाहण्यास तेथे दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर येते तेव्हा रस्ता संपलेला असतो. म्हणून ही पाहणी रिकामी ट्रॉली परत फडाकडे निघताना करणे श्रेयस्कर ठरते, कारण दुरुस्ती ऊस भरण्यापूर्वीच करता येते.